टर्बो शेवटी, आधी पत्रा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या जपानी स्पोर्ट्स कार घरच्या घरी दुरुस्त करण्याच्या छंदावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. परदेशात राहणाऱ्या मराठी तरुणांच्या या छंदाची मराठी वर्तमानपत्राने दखल घेतली, याचा आनंद आहे. पण लेखात कामाचा जो क्रम दिला आहे तो उलटा आहे. आधी चाके आणि स्प्रिंगा, मग टर्बो (इंजिनात जास्त हवा लोटून ताकद वाढवणारे यंत्र), आणि गंजाचे ‘सवडीने बघू’, असा तो क्रम. त्या क्रमाने गेले तर पैसे जातातच, पण वीस-तीस वर्षांच्या गाडीत जीवही धोक्यात येतो. आधी पत्रा, मग गाडी थांबवणारे आणि थंड ठेवणारे भाग, मग रबर आणि बुश (सस्पेन्शनच्या जोडांतली रबरी नळकांडी), आणि सगळ्यांत शेवटी ताकद, हाच क्रम योग्य आहे. तो का, हे सविस्तर लिहितो.

उदाहरणासाठी माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी घेतो, कारण घरी काम करणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा हीच गाडी पडते. भारतातल्या वाचकांना माझदा हे नाव स्वराज माझदाच्या छोट्या ट्रक-बसमुळे ठाऊक असेल; ही त्याच कंपनीची दोन आसनी, उघड्या छताची गाडी. फेब्रुवारी १९८९ मध्ये ती शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली. हिरोशिमात तयार होणारी ही गाडी जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली जाई. आधी १.६ लिटरचे आणि पुढे १.८ लिटरचे इंजिन, जोर मागच्या चाकांना, आणि सुरुवातीच्या गाडीचे वजन हजार किलोच्या आत. सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी २२ एप्रिल २०१६ रोजी तयार झाली. जपानमध्ये स्टीअरिंग उजवीकडे असल्याने ब्रिटनमध्ये युनोस मोठ्या संख्येने वापरलेल्या स्थितीत आल्या. सुटे भाग अजून मिळतात. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली आणि छताचे कापड, लाकडी स्टीअरिंग, इतकेच काय, मूळ नक्षीचे टायरही पुन्हा बनवून घेतले.

आता गंज. या गाडीला छत नाही, म्हणून तिचा सगळा पीळ जमिनीचा पत्रा, मधला बोगदा आणि दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, यांनाच सोसावा लागतो. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका हातात पिळून पाहिला की हे कळते. आणि नेमके सिलचे मागचे टोक, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा भाग, ही या गाडीची सर्वांत कमजोर जागा आहे. कारण साधे आहे. छतावरून ओघळलेले पावसाचे पाणी आसनांच्या मागच्या पन्हाळीत येते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून चाकापुढे खाली पडते. नळीत पाने-माती अडकली की पाणी उलटे फिरून सिलमध्ये किंवा गालिच्याखाली साठते. रस्त्यावरचे मीठ बाहेरून खाते, साठलेले पाणी आतून. जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यावर मीठ कमी पडते, म्हणून तिथून आलेल्या गाड्यांचा तळ अनेकदा लेपाविना उघडाच असतो. तो गंजायला ब्रिटनचे दोन-तीन हिवाळे पुरतात.

गाडी विकत घेण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. अर्धा लिटर पाणी छताच्या मागच्या कोपऱ्यातल्या छिद्राशी हळूहळू ओतावे. काही क्षणांत ते मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडले पाहिजे. नाही पडले तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घालून नळी मोकळी करावी. कडक तार घालू नये, ती नळीच फाडते आणि मग पाणी कायमचे आत जाते. दुसरे, सिलच्या मागच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला तर आत एकतर पुट्टी आहे किंवा गंजाचा भुगा. रंगाला बारीक फोड आलेले दिसले तर भोक आतून पडत आले आहे, असेच समजावे. दुसऱ्या पिढीची, १९९८ नंतरची गाडी असेल तर पुढच्या चॅसिसच्या दांड्याही खालून तपासाव्यात. तिथे दुहेरी पत्र्यामध्ये पाणी अडकते आणि वरून काहीच दिसत नाही.

सिलचे वेल्डिंग घरी होते, पण ते शिकून. इथे पत्र्याचे तीन थर असतात: बाहेरचा, आतला आणि मध्ये बळकटी देणारा. बाहेरचा थर तेवढा बदलून वरून रंग मारणे ही फसवणूक आहे, स्वतःची आणि पुढच्या मालकाची. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत, बिजागराच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, चौकोनी नळी आडवी जोडून घ्यावी आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावेत. दोन्ही बाजूंची सिल एकाच वेळी कधीही कापू नये. गाडी मध्ये खचते, दाराच्या फटी वर मिटतात, आणि त्या अवस्थेत नवा पत्रा जोडला गेला की ते दार पुन्हा कधी नीट लागत नाही.

गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचा. गंजाच्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, भोक मोठे होत जाते. नवा पत्रा मूळ जाडीपेक्षा पातळ नको. एक मिलिमीटर किंवा किंचित जास्त ठीक. मिग वेल्डिंगला (यात तार आपोआप पुढे सरकत वितळते) ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण घ्यावे. एका टोकाकडून सलग ओढत गेले तर पत्रा वाकतो. म्हणून आधी दोन-अडीच सेंटिमीटरवर टाके मारायचे, आणि मग एकदा इकडे, एकदा तिकडे करत मधल्या जागा भरायच्या. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत, म्हणजे एमओटीत, आसनपट्टा किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेले असते तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला भक्कम भाग गंजलेला असेल तर गाडी नापास होते. सिलचे मागचे टोक नेमके आसनपट्ट्याजवळ येते. तिथे रिव्हेट, फायबर किंवा पुट्टी चालत नाही; सलग वेल्डिंगच लागते.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवायची, आसने आणि गालिचे पूर्ण बाहेर काढायचे. या गाडीत पेट्रोलची टाकी आसनांच्या मागेच आहे आणि तिच्या नळ्या तळातून पुढे जातात, हे विसरता कामा नये. अग्निशामक हाताशी हवा. आणि काम संपल्यावर तासभर गाडीजवळ थांबावे, कारण गालिच्याखालचे अस्तर आधी धुमसते आणि मागाहून पेटते. जोड थंड झाले की जस्ताचा प्रायमर, बाहेरून सीलर, आणि आतून लांब नळीने पातळ मेण. सिलच्या खालची पाणी जायची भोके मात्र उघडी ठेवा. तळाला डांबरी लेप मारताना ती हमखास बुजतात आणि नवी सिल आतून सडायला लागते. रंगाबद्दल एकच सांगतो: दोन भाग मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते. साध्या मास्कने ते अडत नाही आणि फुप्फुसांना कायमची इजा होते. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर तो रंग घरी मारूच नये. खालचे काम घरी करून शेवटचा हात दुकानातून मारून घ्यावा.

लेखासोबतच्या छायाचित्रात गाडी नुसत्या जॅकवर उचलून एक जण तिच्याखाली गेलेला दिसतो. जॅकचे सील फुटले की गाडी सावकाश नाही, एकदम खाली येते. जॅक फक्त उचलण्यासाठी. खाली जायचे तर स्टँडवरच, सपाट पक्क्या जमिनीवर, आणि आधी गाडीला हाताने हलवून बघून. पुढून उचलताना जॅक पुढच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) मध्यावर आणि मागून डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या, पेटीखाली लावावा. सिलच्या कडेवर नुसता जॅक लावला की कड चेपते, रंग तडकतो आणि तिथेच गंज सुरू होतो.

पत्र्याचे झाले की इंजिन थंड ठेवणारे भाग. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या नव्या असताना काळ्या असतात. त्या तपकिरी-हिरवट दिसू लागल्या की प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते आणि एके दिवशी वरची टाकी जोडापाशी फाटते. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, उष्णता सोसत नाही, तो वाकतो. म्हणून रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट आणि सगळे होज (पाण्याच्या रबरी नळ्या) एकदम बदलावेत. इंजिनामागे, हीटरकडे जाणारे छोटे होजही. ते दिसत नाहीत, म्हणून राहून जातात. हे इंजिन मुळात आडवे बसवायच्या घराण्यातले. या गाडीत ते उभे बसवले, पण पाण्याची ये-जा पुढच्या टोकालाच राहिली, म्हणून मागचे सिलिंडर जास्त तापतात. साध्या वापराला याने काही बिघडत नाही. पुढे टर्बो लावायचा असेल तर पाणी हेडच्या मागून बाहेर काढणारी जोडणी आधी करावी.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) जोरावर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) फिरवणारा पट्टा, साधारण ९६ हजार किलोमीटरला बदलायचा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला आदळत नाहीत, पण गाडी भर रस्त्यात बंद पडते ती पडतेच. बेल्टसोबत पाण्याचा पंप, ताण देणारी पुली, कॅमची आणि क्रँकची सीले बदलावीत, कारण तिथवर पोचायचे श्रम तेच आहेत. बेल्ट चढवला की इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. दोन कॅमच्या खुणांमध्ये १९ दाते आले पाहिजेत. हेडच्या मागे कॅमची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या बुडाशी एक रबरी रिंग असते. ती कडक झाली की तेल हेडमागून ओघळते आणि लोक क्रँकच्या मागच्या सीलवर संशय घेऊन गिअरबॉक्स उतरवतात. आधी ही स्वस्त रिंग बदलून पाहा. व्हॉल्व्हच्या झाकणाचे बोल्ट अगदी हलक्या हाताने, ५ ते ९ न्यूटन-मीटरवर आवळायचे. ॲल्युमिनियममधले आटे जायला वेळ लागत नाही.

१९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ गाड्यांबाबत एक इशारा फार महत्त्वाचा आहे. त्यांच्या क्रँकचे नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचे टोक, आखूड आहे. पुढच्या पुलीच्या मधल्या भागावर चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर नंतरचे लांब. बेल्टचे काम करताना मधला बोल्ट सैल राहिला तर चावी (पुली आणि क्रँक एकत्र धरणारा लोखंडी तुकडा) खाचेत हलू लागते, खाच रुंदावते, टायमिंग सरकते आणि ताकद हळूहळू जाते. लोक प्लग, वायर, पेट्रोल पंप बदलत बसतात. या नाकाला बोल्ट १०८ ते ११८ न्यूटन-मीटरवर आवळावा, लांब नाकाला १५७ ते १६६. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) नसेल तर हे काम हाती घेऊ नये. खाच थोडीच झिजली असेल तर नवी चावी आणि लॉकटाइट ६६० या फट भरणाऱ्या डिंकाने निभावते. जास्त झिजली असेल तर क्रँक बदलणे आले.

ब्रेकमध्ये सर्वाधिक नुकसान मागच्या कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) होते. हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या आतच आहे, म्हणून पिस्टन क्लॅम्पने दाबून आत जात नाही. दाबला तर आतली यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या मागे १४ मिलिमीटरचा एक बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरचा ॲलन पाना बसतो. उलटा फिरवला की पिस्टन मागे येतो. नवे पॅड बसवल्यावर सुलटा फिरवून पॅड डिस्कला टेकवायचे आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. एवढे न केल्याने हँडब्रेक लागत नाही आणि लोक केबल ताणतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून ब्रेकचे खास ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. त्याच वेळी क्लचचा खालचा सिलिंडर बघून घ्यावा. त्याच्या रबरी टोपीत ओल दिसली तर तो जाणारच आहे.

सस्पेन्शन उघडताना सर्वांत जास्त हाल खालच्या आर्मचे लांब बोल्ट करतात. हेच बोल्ट फिरवून चाकांचा कल ठरवतात, पण ते बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून पकडून बसतात. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारे तेल मारत राहावे. फिरवताना नळीसकट बुश पिळला जाऊ लागला तर जोर वाढवू नये. नळी गरम करावी, नाहीतर बोल्ट दोन्ही बाजूंनी करवतीने कापून नवा घालावा. नव्या बोल्टला तांब्याचे ग्रीस भरपूर लावावे. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचे वजन चाकांवर असताना. चाके लोंबकळत असताना आवळले तर खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. नवे बुश घालून गाडी कडक चालते अशी तक्रार येते, तिचे कारण बहुधा हेच असते.

गाडी खाली बसवायची हौस मी समजू शकतो, पण २५-३० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. या गाडीत शॉक ॲब्सॉर्बरची चाल मुळातच थोडी आहे. जास्त खाली आणली की गाडी रबरी ठोकळ्यांवर टेकून चालते आणि वळणावर ओल्या रस्त्यात एकदम सटकते. चाकांचे माप चार बोल्ट, १०० मिलिमीटरचे वर्तुळ आणि मधले भोक ५४.१ मिलिमीटर. मूळ टायर १८५/६० आर १४. त्याऐवजी १९५/५० आर १५ घातले तर बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो. त्याहून मोठी चाके जड पडतात आणि स्टीअरिंगचा गोडवा घालवतात.

बाकीचे थोडक्यात. छताची मागची प्लॅस्टिकची खिडकी थंडीत कधीही घडी घालू नये, आणि छत उघडण्याआधी तिची झिप सोडावी. बॅटरी डिकीत आहे, म्हणून सीलबंद आणि वायू बाहेर नेणारी नळी असलेलीच हवी. साधी बॅटरी ठेवली तर आम्लाच्या वाफेने डिकीचा पत्रा खाल्ला जातो. गिअरबॉक्सला दोन लिटर ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचे तेल. जीएल-५ मधली काही रसायने गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो की नाही ते बघून घ्यावे, नाहीतर तेल निथळलेली गाडी जागेवरच अडकते.

एवढे सगळे झाल्यावर टर्बोचा विचार करायला हरकत नाही. १.६ इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण दाबण्याचे प्रमाण) ९.४ ला १ आहे आणि हवा मोजायला एक झडप आहे. टर्बोने जास्त हवा लोटली की झडप पूर्ण उघडते. त्यापुढे किती हवा आली हे मूळ संगणकाला कळतच नाही. पेट्रोल कमी पडते, मिश्रण वेळेआधी पेटते आणि पिस्टनच्या कडा तुटतात. म्हणून मेगास्क्वर्टसारखा बदलता येणारा संगणक, मोठे इंजेक्टर आणि रुंद पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर हे टर्बोच्या आधी लागते, नंतर नव्हे. सुरुवातीला दाब अर्ध्या बारच्या आत ठेवावा. टर्बोतून तेल परत येणारी नळी जाड हवी आणि ती सरळ उताराने संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात), तेलाच्या पातळीच्या वर, उतरली पाहिजे. ती अरुंद किंवा वळलेली असेल तर तेल अडून सीलमधून निसटते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. अनेक जण मग चांगला टर्बो फेकून देतात. १.६ चे मागचे डिफरन्शिअलही वाढलेल्या ताकदीला टिकत नाही. १.८ चे बसते, पण त्यासोबत चाकांकडे जाणारे दोन्ही हाफ शाफ्ट आणि मधला प्रॉपेलर शाफ्टही १.८ चाच घ्यावा लागतो. आणि केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. न कळवलेला टर्बो अपघातानंतर सापडला तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

भारतात ही गाडी विक्रीला आलीच नाही, आणि तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार आणून नोंदवणे नियमांत बसत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी लेख वाचून परदेशातून एखादी जुनी युनोस मागवण्याचा बेत करू नये. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, हेही लेखात यायला हवे होते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना मात्र नळ्या मोकळ्या ठेवण्याचे आणि सिलमध्ये मेण सोडण्याचे वर लिहिलेले काम पावसाळ्याआधी जसेच्या तसे करता येईल.

पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर टर्बोचा मजकूर कमी करावा. सिलचे वेल्डिंग, जॅक-स्टँड आणि मागच्या ब्रेकचा भाग मात्र पूर्ण छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
कॉव्हेंट्री, इंग्लंड